लॉगिन केलं, फॉलोअप घेतला, फॅन ऑफ केला: फ्रेजल व्हर्ब इंग्रजीत लिहिताना

"पोर्टलवर लॉगिन कर", "क्लायंटचा फॉलोअप घे", "डेटाचा बॅकअप घेतलास का?", "जाताना फॅन ऑफ कर." ऑफिसातली ही मराठी वाक्यं अगदी बिनतक्रार आहेत. इंग्रजी क्रियापदं उचलताना मराठीने त्यांचं नाम करून टाकलं आणि पुढे आपलं करणे-घेणे जोडलं. बोलण्याचं काम झकास चालतं.

घोळ होतो मेल लिहायला बसल्यावर. तोच गोळा न फोडता इंग्रजीत परत जातो: "आय लॉगिन्ड टु द पोर्टल", "आय टुक फॉलोअप विथ द क्लायंट", "प्लीज ऑफ द फॅन". मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्बच्या कितीतरी चुका या एकाच वाटेने येतात. म्हणून इथे तीनशे क्रियापदांची यादी दिलेली नाही. यादी पाठ करूनही मेल चुकतोच, कारण यादीत अर्थ असतो आणि चूक होते ती बांधणीत.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे एक साधं क्रियापद आणि त्याला लागलेलं छोटं शेपूट: अप, डाउन, इन, आउट, ऑफ, ओव्हर, बॅक वगैरे. कधी दोन शेपटं असतात, जसं "कम अप विथ". अर्थ दोघांच्या बेरजेतून निघेलच असं नाही. हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. "मागणी उचलून धरली" यात कोणी काही उचलत नाही, "प्रस्ताव हाणून पाडला" यात हाणामारी नाही. "टर्न डाउन" म्हणजे नाकारणं हेही त्याच जातीचं. "यूज अप" मधला "अप" आणि "संपवून टाकलं" मधला "टाकलं" तर जवळजवळ सख्खे भाऊ: काम पुरतं उरकलं, एवढंच दोघे सांगतात. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणून याच शेपटांकडे बोट दाखवलं होतं.

मात्र एक मोठा फरक आहे. मराठीत कर्म आधी येऊन गेलेलं असतं, "उचलून" आणि "धरली" शेजारी शेजारी राहतात. इंग्रजीत कर्म कधी शेपटामागे बसतं, तर कधी क्रियापद आणि शेपूट यांच्या मधोमध. ते कधी कुठे, हे कळलं की अर्धी लढाई सरली.

कर्म कुठे बसवायचं

फॉर्म भरण्याचं उदाहरण घेऊ. "फिल इन द फॉर्म" बरोबर, "फिल द फॉर्म इन" हेही बरोबर. पण फॉर्मऐवजी "इट" आलं की एकच जागा उरते: "फिल इट इन". "फिल इन इट" चूक. नाम दोन्हीकडे चालतं, इट, देम, हिम, मी यांसारखं सर्वनाम मात्र मध्येच बसतं. "कॉल इट ऑफ", "सेंड देम बॅक", "पिक मी अप".

आता "लुक आफ्टर" घ्या. "लुक आफ्टर इट" बरोबर, "लुक इट आफ्टर" कुठल्याच इंग्रजीत नाही. कारण "आफ्टर" हे इथे शब्दयोगी आहे आणि आपलं नाम ते स्वतःच्या मागेच ठेवतं.

मग ओळखायचं कसं? शेपटाकडे पाहा.

इंटू, आफ्टर, फॉर, अ‍ॅट, विथ, फ्रॉम, अगेन्स्ट, टु: कर्म नेहमी यांच्या मागे. "लुक इंटू इट", "डील विथ इट", "आस्क फॉर इट". दोन शेपटांची क्रियापदंही बहुतेक अशाच शब्दावर संपतात, म्हणून "कम अप विथ इट", "पुट अप विथ देम".

अवे, बॅक, अपार्ट, असाइड: यांच्याबरोबर सर्वनाम मध्ये. "पुट इट अवे", "गिव्ह इट बॅक".

अप, डाउन, आउट, ऑफ: बहुतेक वेळा मध्ये, पण डोळे उघडे ठेवा. "ही रॅन अप अ बिल" म्हणजे त्याने बिल चढवलं, "ही रॅन अप अ हिल" म्हणजे तो टेकडी चढला. बिलाचं "रॅन इट अप" होतं, टेकडीचं "रॅन अप इट". फिरवाफिरवी फक्त तिथेच चालते जिथे शेपूट क्रियापदाचं आहे. टेकडीच्या वाक्यात "अप" टेकडीचं आहे.

ओव्हर, थ्रू, इन, ऑन: हे खरे त्रासदायक. "थिंक इट ओव्हर" पण "गो ओव्हर इट". "हँड इट ओव्हर" पण "गेट ओव्हर इट". याला नियम शोधत बसू नका. वहीत लिहितानाच "इट" सकट लिहा. नुसतं "थिंक ओव्हर = विचार करणे" अशी नोंद निम्मी वाया जाते. "थिंक इट ओव्हर" असं लिहिलं की अर्थ आणि बांधणी एका फटक्यात आली.

शब्दकोशात हीच माहिती असते, पण खुणेत दडलेली. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या कोशांत फ्रेजल व्हर्ब मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी गोळा केलेली असतात आणि कर्माच्या जागी समथिंग किंवा समबडी यांची संक्षिप्त रूपं छापलेली असतात. काही कोशांत त्याला लागून दुतोंडी बाण असतो. बाण दिसला तर नाम दोन्ही जागी चालतं, नसला तर कोशाने जिथे बसवलंय तिथेच ठेवा.

कर्म लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नका. "प्लीज हँड द फॉर्म्स दॅट वेअर डिस्ट्रिब्यूटेड इन येस्टरडेज मीटिंग इन" हे वाक्य व्याकरणात बसेलही, पण शेवटचं "इन" येईपर्यंत वाचणारा "हँड" विसरलेला असतो. "प्लीज हँड इन द फॉर्म्स" एवढं आधी लिहा आणि मग कुठले फॉर्म ते सांगा. दोन-तीन शब्दांचं कर्म मध्ये शोभतं, त्याहून मोठं मागे.

शेपूट तोडू नका, फुकटचं जोडू नका

मराठीत "तुला स्टेशनवरून पिक करतो" म्हटलं की भागतं, म्हणून इंग्रजीतही "आय विल पिक यू फ्रॉम द स्टेशन" येतं. "पिक" म्हणजे नुसतं निवडणं किंवा खुडणं. न्यायला येणं म्हणजे "पिक यू अप". फोनचंही तसंच: "ही डिड नॉट पिक द फोन" नव्हे, "पिक अप द फोन". वर्गाबाहेर लावलेल्या "प्लीज ऑफ द फॅन्स" मध्ये तर उलटा प्रकार, क्रियापद गळून नुसतं शेपूट उरलंय. "स्विच ऑफ" किंवा "टर्न ऑफ" हवं.

फॉर्मचं थोडं वेगळं. आपल्याकडे "फिल अप द फॉर्म" सर्रास लिहितात. ब्रिटिश "फिल इन" पसंत करतात, अमेरिकन "फिल आउट". "फिल अप" हे टाकी, बाटली, सभागृह यांच्यासाठी राखून ठेवा. बोर्डाच्या पेपरात "रिकाम्या जागा भरा" चं इंग्रजी "फिल इन द ब्लँक्स" असंच छापलेलं असतं, तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शेपूट सर्वांत जास्त गळतं ते कर्मणी प्रयोगात, कारण तिथे कर्म आधीच पुढे गेलेलं असतं आणि शेवटचा शब्द लोंबकळत राहिल्यासारखा वाटतो. "द मॅटर इज बीइंग लुक्ड" असं लिहून माणूस थांबतो. शेपूट तिथेच राहायला हवं: "द मॅटर इज बीइंग लुक्ड इंटू", "द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ", "द पेशंट्स वेअर वेल लुक्ड आफ्टर". उलट ज्या क्रियापदांना कर्मच लागत नाही त्यांची कर्मणी रचना होत नाही. सौदा फिसकटला तर "द डील फेल थ्रू", मशीन बंद पडलं तर "द मशीन ब्रोक डाउन". "वॉज फॉलन थ्रू" आणि "वॉज कम अप" हे दोन्ही खोडा.

आणि मग फुकटची शेपटं. "रिटर्न बॅक", "रिप्लाय बॅक", "डिस्कस अबाउट", "कोप अप विथ". "परत" आणि "बद्दल" हे मराठीतून चालत आलेले पाहुणे आहेत. रिटर्नमध्ये परत येणं आधीच आहे, डिस्कसमध्ये "बद्दल" आहे, आणि कोपला फक्त "विथ" लागतं. "कोप अप" बहुधा "कीप अप विथ" च्या संगतीने बिघडलं असावं.

"फॉलोअप घेतला" चं इंग्रजी

नाम असेल तर एक शब्द किंवा मध्ये जोडरेघ, क्रियापद असेल तर दोन सुटे शब्द. तुमचं लॉगिन हे नाम, तुम्ही करता ते लॉग इन. बॅकअप हे नाम, बॅक अप हे काम. सेटअप, चेक-इन, हँडओव्हर, ब्रेकडाउन, फॉलो-अप, सगळ्यांचं असंच. बोलतानाही फरक पडतो. नामात जोर सहसा पहिल्या भागावर येतो, क्रियापदात बहुधा शेपटावर.

शंका आली तर वाक्य भूतकाळात टाका. "लॉग्ड इन" होतं, "लॉगिन्ड" नाही. भूतकाळाची खूण मधल्या जागी शिरते म्हणजे तिथे फट आहे, शब्द दोन आहेत. "बॅक्ड अप", "फॉलोड अप". संगणकाचा स्पेलिंग तपासनीस इथे उपयोगी नाही. "लॉगिन" हाही कोशातला शब्द असल्याने लाल रेघ येतच नाही.

या फटीमुळे आणखी एक बारकावा. "लॉग इन टु द पोर्टल" मध्ये "इन" आणि "टु" सुटे लिहायचे, कारण "इन" हे लॉगचं शेपूट आणि "टु" पोर्टलचं. "लुक इंटू" मध्ये मात्र "इंटू" हा एकच शब्द. "टर्न" बरोबर तर अर्थाचा अनर्थ होतो. सापडलेलं पाकीट पोलिसांकडे जमा केलं तर "ही टर्न्ड इट इन टु द पोलीस". हे दोन शब्द जोडले तर पाकिटाचे पोलीस झाले.

"फॉलोअप घेतला" साठी "आय फॉलोड अप" एवढं पुरतं. पुढे माणूस आला तर "विथ", विषय आला तर "ऑन": "आय फॉलोड अप विथ द व्हेंडर ऑन द इनव्हॉइस". "टुक फॉलोअप" लिहिणारा सहसा पुढचं शब्दयोगीही गमावतो, म्हणून ही जोडी एकत्रच मुरवून घ्या.

"टु" च्या पुढे काय

"आय लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू" हे भारतीय अर्जांचं राष्ट्रीय समाप्तिवाक्य असावं. हवं ते "टु हिअरिंग". इथला "टु" क्रियापदाच्या मूळ रूपाचा नाही, तो शब्दयोगी आहे, आणि शब्दयोगीच्या पुढे क्रियापदाचं आयएनजी रूप येतं. परीक्षा सोपी: "टु" च्या पुढे "इट" ठेवून पाहा. "आय लुक फॉरवर्ड टु इट" अर्थपूर्ण लागतं, म्हणून आयएनजी. "आय वॉन्ट टु इट" लागत नाही, म्हणून तिथे साधं रूप. "गेट डाउन टु", "गेट राउंड टु", "ओन अप टु" हेही पहिल्या गटातले.

एका एफचा आणि दोन एफचा

इंग्रजीत "ओ-एफ" आणि "ओ-एफ-एफ" हे दोन वेगळे शब्द आहेत. देवनागरीत आणि मराठी उच्चारात हे दोघे एकच दिसतात, म्हणून ही चूक आपली खास. एका एफच्या शब्दाचा खरा उच्चार "ऑव्ह" च्या जवळचा, पण शाळेत दोन्ही "ऑफ" म्हणूनच शिकवले जातात. भंगाराची विल्हेवाट लावली: "डिस्पोज्ड ऑव्ह", एक एफ. शाई संपली: "रन आउट ऑव्ह", एक एफ. "टेक केअर ऑव्ह", "गेट रिड ऑव्ह" हेही. याउलट "कॉल ऑफ", "पुट ऑफ", "साइन ऑफ", "ले ऑफ", "पे ऑफ" यांत दोन एफ. सुटणं, तुटणं, लांबणं, बंद होणं अशी भावना असेल तर दोन एफ. लिहिताना मनात "ऑव्ह" असा उच्चार करायची सवय लावली तर हात आपोआप एका एफवर थांबतो.

तारखा आणि उलटे अर्थ

व्यवहारात खरं नुकसान करणाऱ्या चुका थोड्याच आहेत, त्या मात्र पाठच करा. "पुट ऑफ" म्हणजे पुढे ढकललं, "कॉल ऑफ" म्हणजे रद्द केलं. मीटिंग "कॉल्ड ऑफ" वाचून समोरच्याने तिकीट रद्द केलं आणि तुम्हाला नुसतं गुरुवारऐवजी शुक्रवार म्हणायचं होतं, असं व्हायला नको. आपला "प्रीपोन" भारताबाहेर फारसा ओळखीचा नाही, तिथे "ब्रिंग फॉरवर्ड". ब्रिटिश इंग्रजीत "पुट बॅक" म्हणजे नंतरच्या वेळेला नेणं, "पुश बॅक" म्हणजेही तेच. "मूव्ह फॉरवर्ड" मात्र कोणी अलीकडे समजतं तर कोणी पलीकडे. अशा ठिकाणी शब्दावर विसंबू नये, नवी तारीख आणि वेळ लिहून मोकळं व्हावं.

"पास आउट" हे दुसरं. "आय पास्ड आउट इन २०२२" वाचून परदेशातल्या वाचकाला वाटेल की तुम्हाला भोवळ आली होती. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत होते ती पासिंग आउट परेड बरोबरच आहे, कारण लष्करी प्रशिक्षण पूर्ण करण्यासाठी ब्रिटिश इंग्रजीत हा प्रयोग आहे. कॉलेजसाठी "ग्रॅज्युएटेड" लिहा.

"पुट अप" ची सरकारी कहाणी वेगळी. फाइल साहेबांपुढे ठेवणं म्हणजे "पुट अप", आणि भारतीय कार्यालयांत "प्लीज पुट अप" हा शेरा सगळ्यांना कळतो. बाहेर लिहिताना "सबमिट" वापरा. नाहीतर घाईत फाइल हा शब्द गळून "आय हॅव पुट अप विथ द डायरेक्टर" झालं, तर वाचणारा समजेल की तुम्ही संचालकांना आजवर सहन करत आलात. "रिव्हर्ट" चंही तसंच. आपल्याकडे तो उत्तर देणं, इतरत्र बहुतेकदा मूळ स्थितीला परत जाणं.

शेपूट पुढे चिकटलं की अर्थ फिरतो, हेही ध्यानात असू द्या. "लुक ओव्हर" म्हणजे नजर टाकणं, "ओव्हरलुक" म्हणजे नजरेतून सुटणं. "होल्ड अप" म्हणजे खोळंबा करणं, "अपहोल्ड" म्हणजे निर्णय उचलून धरणं. "द कोर्ट हेल्ड अप द ऑर्डर" आणि "अपहेल्ड द ऑर्डर" यांत पक्षकाराचं नशीब उलटतं.

कुठे वापरायची, कुठे नाही

औपचारिक लिखाणात फ्रेजल व्हर्ब नकोच, असं शाळेत सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि कायद्यात फ्रेंच शब्द आले, विद्वत्तेत लॅटिन होतंच. गेट, पुट, गिव्ह ही घरची क्रियापदं साधीसुधी राहिली, पोस्टपोन, इन्व्हेस्टिगेट, टॉलरेट ही भारदस्त झाली. म्हणून "पुट अप विथ" पेक्षा "टॉलरेट" कोट घातल्यासारखं वाटतं. पण "कॅरी आउट", "सेट अप", "पॉइंट आउट", "रूल आउट", "ड्रॉ अप" ही शोधनिबंधात आणि करारातही बिनधास्त चालतात. वकिलांना तर "एंटर इंटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट" शिवाय करमत नाही.

टाळायची ती "गेट" ची पिल्लं आणि ज्यांचे तीन-चार अर्थ आहेत अशी. निबंधात "प्राइसेस वेंट अप" पेक्षा "प्राइसेस रोझ". रोजच्या मेलमध्ये मात्र उलटं करा. सहकाऱ्याला "आय शॅल इन्व्हेस्टिगेट द मॅटर" लिहिलं तर तो दचकेल. "आय विल लुक इंटू इट अँड गेट बॅक टु यू बाय फ्रायडे" हे सभ्यही आहे आणि माणसाचंही वाटतं.

एक मेल, ओळीओळीने

मूळ मजकूर: "आय हॅव पास्ड आउट इन २०२२. आय हॅव फिल्ड द फॉर्म अँड अटॅच्ड. आय ट्राइड टु लॉगिन बट कुड नॉट. प्लीज लुक आफ्टर द मॅटर अँड रिव्हर्ट बॅक. आय लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू."

पहिल्या ओळीत "ग्रॅज्युएटेड इन २०२२". साल दिलं की "हॅव" ही जातं, तो काळाचा वेगळा विषय. दुसरीत "फिल्ड इन द फॉर्म अँड अटॅच्ड इट", शेपूट आणि कर्म दोन्ही परत आणली. तिसरीत "लॉग इन" सुटं. चौथीत "लुक आफ्टर" म्हणजे प्रकरणाचा सांभाळ, हवी आहे चौकशी, म्हणून "लुक इंटू". पुढे "रिव्हर्ट बॅक" च्या जागी "गेट बॅक टु मी". इथला "टु मी" विसरला जातो, तो ठेवा. शेवटी "टु हिअरिंग".

पाठवण्यापूर्वी हीच तपासणी दोन मिनिटांत करता येते. मजकुरात शोधा-चौकटीतून आधी "इट" आणि "देम" शोधा आणि ती योग्य जागी आहेत का ते पाहा. मग "टु" शोधून पुढचं रूप तपासा. तिसऱ्या खेपेला एका एफचे आणि दोन एफचे शब्द. शेवटी लॉगिन, सेटअप, बॅकअप, फॉलोअप यांच्यावर थांबा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, ही वस्तू आहे की काम. काम असेल तर मध्ये स्पेस द्या.